गार पाण्यात विरघळलेलं

बाटलीचं झाकण फिरवलं तशी आतून फुस्स झालं. अगदी बारीक, झोपेत बाळाचे ओठ सुटावेत तेवढंच. पण दूध फुसफुसत नाही, हे तिच्या हाताला डोक्याच्या आधी कळलं. हात जागीच थांबला. मग तिनं बाटली नाकाशी नेली. उकडलेल्या अंड्याचा पुसट वास, त्याच्यामागे ओल्या मातीचा. म्हणजे हे दूध नव्हतं. हे डेअरीच्या सांडपाण्याच्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी होतं, सकाळी नऊ वाजता तिनंच नळाखाली धरून काठोकाठ भरलेलं. आणि गेली दहा मिनिटं स्टीलच्या वाडग्यातल्या ऊन पाण्यात बाटली बुडवून ती ते पोरीसाठी कोमट करत होती. दूध तिकडे फ्रिजमध्ये, सॅम्पलांच्या रांगेत, शहाण्यासारखं गार उभं होतं. दोन्ही बाटल्या एकाच खोक्यातल्या, पांढऱ्या, जाड, फिरकीच्या झाकणाच्या. दुकानातल्या बाटल्यांपेक्षा प्रयोगशाळेतल्या या बाटल्या उकळून जास्त स्वच्छ होतात असं तिचंच म्हणणं, आणि दुधाच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर 'ठकी' असं तिनंच लिहिलं होतं. ओलाव्यानं ती पट्टी सुटून फ्रिजच्या जाळीला चिकटली होती. फ्रिजच्या दारावर कागद होता : खाण्यापिण्याचे पदार्थ येथे ठेवू नयेत. अक्षर तिचंच.

ती स्टुलावर टेकली. साडेबारा झाले होते. रोज या वेळी ती बाटली स्वेटरच्या खिशात घालून जिना उतरायची, दुधाच्या टँकरांमधून वाट काढत आवाराच्या खालच्या टोकाला, पाळणाघरात जायची, आणि सात महिन्यांची ठकी तिला बघताच दोन्ही पाय एकदम झाडायची. अंगावर पाजायला वीस मिनिटं लागत, बाटलीला सात. त्या तेरा मिनिटांत एक वाजताचे आकडे घेऊन होत. अशी तेरा-तेरा मिनिटं चोरूनच तर तिचा सगळा दिवस शिवलेला होता. आज झाकणानं आवाज केला नसता तर? काही झालं नसतं, असं डोक्यातला एक शहाणा माणूस म्हणाला. पाळणाघरातल्या मावशींना वास आला असता, पोरीनं थुंकून टाकलं असतं. पण त्या शहाण्या माणसाचं हल्ली ऐकतं कोण. बाळंतपणापासून तिला हाताला लागेल त्या वस्तूत एक मरण दिसू लागलं होतं. सुटलेलं बटण. पडद्याची दोरी. बादलीतलं चार बोटं पाणी. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली ती दिवसातून दहादा बोट धरायची, आणि श्वास लागला की आधी हायसं वाटायचं, मग लाज. नवरा हसून म्हणायचा, "डोळ्यांत तेल घालून बघतेस ते ठीक आहे गं, पण त्या तेलात आम्हाला तळू नकोस." सासूबाईंचं औषध वेगळं. "पहिलटकरीण म्हणजे दोरीला साप समजून झोडपणारी. दुसरं झालं की खऱ्या सापालाही सांगशील, सरक बाबा, केर काढायचाय." त्यावर सगळे हसायचे, तीही हसायची, आणि हसता हसता पोरीच्या मुठीत काही नाही ना हे बघायची.

म्हणून आत्ता ती स्वतःला म्हणाली, हे तसलंच. बाटली चुकली, कळलं, संपलं. दुधाची बाटली वाडग्यात ठेव आणि ऊठ. पण तिची नजर त्या दुसऱ्या बाटलीवरून हलेना. तिनं ती उजेडात धरली, झाकण उघडून आत वाकून पाहिलं. बाटलीच्या भिंतीला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते, मोहरीपेक्षाही लहान, शेकड्यांनी. एखादा सुटायचा, वर यायचा, फुटायचा. सोड्याची बाटली फ्रिजबाहेर राहून कोमट झाली की उघडताना जशी उसळते, तसंच. गार असताना जे मुकाट्यानं पाण्यात बसून होतं ते ऊब लागताच बाहेर पडत होतं. तिनं बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. कारण गेले पाच आठवडे ती ज्याला शोधत होती, खरं तर शोधायचं टाळत होती, ते तिच्या हातात होतं.

ही सगळी डेअरी रोज धुतली जायची. टँकर, नळ्या, यंत्रं, फरश्या, क्रेट. धुताना जिथं जिथं दूध चिकटलेलं असे तिथून ते पाण्याबरोबर निघे, आणि ते पांढुरकं पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर ओढ्याचा श्वास कोंडून मासे पोटं वर करत. म्हणून टाकी. तीन मजली उंच, वरून घट्ट बंद, आत काळोख, आणि तळाशी खसखशीएवढे काळे दाणे, प्रत्येक दाण्यात जिवाणूंची अख्खी वसाहत. त्यांना हवा लागली की ते मरतात. हवेवाचून ते दूध खातात आणि त्याचा जळणारा वायू करतात. टाकीवरच्या घुमटात तो साठतो, मीटरमधून मोजला जातो आणि बॉयलरला जातो. अशा टाक्या सगळीकडे तापवून ठेवतात, अंगाच्या उबेइतक्या. जीव आहे तो, त्याला ऊब हवी. तिनंच सांगितलं होतं, तापवू नका. पाणी जसं येतं तसंच येऊ द्या. थंडी शिकवू आपण त्यांना. लोक हसले होते. मग दोन हिवाळे तिनं त्या टाकीला अक्षरशः चमच्यानं भरवलं. आज इतकंच पाणी, उद्या मूठभर जास्त. जरा आंबट झाली की उपास, मग पुन्हा चिमूटभर. पुढं ठकीला पहिला घास भरवताना मावशी म्हणाल्या, "तुला बरं गं जमतं पहिल्याच फटक्यात," तेव्हा तिला सांगता आलं नाही की ही माझी दुसरी. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी नऊ अंशांवर आलं तरी टाकी चालत राहिली. डेअरीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जळण वाचलं होतं. तिला मात्र वाटत राहिलं होतं ते एवढंच, की काळोखात, गारठ्यात, कुणाच्या उबेवाचून ती जगायला शिकली.

या हिवाळ्यात पाणी त्याहूनही गार येऊ लागलं आणि वायू कमी झाला. आधी थोडा, मग निम्म्यावर. प्लांटचा ऑपरेटर, ज्याला सगळे थर्मामीटर म्हणत, कारण तो वाहत्या पाण्यात करंगळी बुडवून अंश सांगायचा आणि अर्ध्या अंशापलीकडे कधी चुकायचा नाही, तो म्हणाला, "झोपलीय ताई. गारठ्यात माणूस पांघरूण सोडत नाही, ही तर मुकी जात." साहेब म्हणाले, "वसंतात बघू." तिनंही मान हलवली. पण बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होतं. रोज तपासलं जात होतं, आणि रोज तितकंच स्वच्छ होतं. टाकी झोपली असती तर दूध न खाता तसंच पुढं आलं असतं. म्हणजे ती खात होती. खात होती तर वायू करत होती. मग तो जात कुठं होता? हा प्रश्न तिच्यापुढे सोमवारी दोन ओळींमध्ये उभा राहिला होता, वरच्या ओळीत पाणी, खालच्या ओळीत वायू, दोन्ही एकमेकींशी न जुळणाऱ्या. त्याच क्षणी मावशींचा निरोप आला होता की ठकीचं अंग गरम लागतंय. तिनं वही मिटली. मिटताना, आता आठवलं की तोंड कडू होत होतं, तिला सुटल्यासारखंही वाटलं होतं.

तर तो पाण्यातच होता. गार पाणी वायू धरून ठेवतं. हे ती कॉलेजात शिकली होती, दुसऱ्यांना शिकवत होती. जितकं गार तितकं जास्त. घुमटात चढण्याऐवजी तो पाण्यात विरघळून, मीटरला चुकवून, खालच्या नळीनं रोज निघून जात होता. आणि ते पाणी पुढं कुठं जात होतं? आवाराच्या खालच्या हौदात. तिथं ते चार फुटांवरून पडायचं, खळाळायचं, आणि खळाळलं की त्यातला वायू सुटणार. हौद बंद होता. त्याच्यावर फायबरची झाकणं होती, कडेनं रबर, आणि एका कोपऱ्यात कोळशाची पेटी, वास शोषून घेणारी. ती झाकणं तिनं बसवून घेतली होती. त्याआधी त्या टोकाला कुणी नाक दाबल्याशिवाय जात नसे. शेजारच्या घरांच्या तक्रारी यायच्या. झाकणं बसली आणि वास गेला, इतका की साहेब एकदा मुद्दाम पाहुण्यांना तिथं घेऊन गेले आणि म्हणाले, "घ्या, लांब श्वास घ्या." मग ती पोटुशी राहिली. बायकांच्या सह्या गोळा करून तिनं पाळणाघर मागितलं. जागा कुठं, असा प्रश्न आला तेव्हा साहेबच म्हणाले होते, "खालचं जुनं गोडाऊन आहे की हौदाशेजारी. मॅडम, तुमच्यामुळेच ती जागा माणसात आलीय." कोळसा वास शोषतो. जळणाऱ्या वायूला मुळात वासच नसतो. त्याच्या संगतीनं येणारी दुर्गंधी तेवढी सगळ्यांना सावध करायची, आणि ती दुर्गंधी तिनं, दोन मजुरांना हाताशी धरून, चार दिवसांत काढून टाकली होती.

खाली अंगणात टँकरनं हॉर्न दिला. ती दचकली नाही, पण दोन्ही स्तन दुधानं भरून आल्याचं तिला कळलं, मुंग्या आल्यासारखं. बहुतेक तिकडं ठकी रडायला लागली असेल. तिचं शरीर हल्ली तिला न विचारता अशा बातम्या द्यायचं, कधी खऱ्या, कधी खोट्या. आणि हेच तर कळत नव्हतं. ही बातमी कुठली? पडद्याच्या दोरीसारखी, बादलीतल्या पाण्यासारखी, की खरी? सात महिने रोज खोटं ओरडणाऱ्या मनानं आज खरं ओरडलं तर ते ओळखायचं कशानं? जाऊन सांगितलं, आणि काही निघालं नाही, तर साहेब समजुतीनं हसतील, आणि 'बाळंतपणानंतर होतं असं' हे वाक्य तिच्या प्रत्येक आकड्याखाली न लिहिता लिहिलं जाईल. आणि निघालं, तर मग तिची टाकी, न तापवता चालणारी, तिचीच चूक ठरेल. ती बुडबुड्यांकडे बघत बसली. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही. मग तिला सकाळची गोष्ट आठवली आणि ती उठली, इतक्या झटक्यात की वाडगं उलटून ऊन पाणी तिच्या चपलांवर सांडलं.

सकाळी थर्मामीटर दाराशी आला होता. हौदातला पंप अडकतोय, म्हणाला; गारठ्यानं लोणी थिजतं तसा चरबीचा थर बसलाय त्याच्यावर. साहेब म्हणतात यंत्रं धुतलेलं गरम पाणी आज दुपारी हौदात सोडू, दोन वाजता, थर वितळून जाईल. चालेल का? तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून दूध काढत होती, दूध काढायच्या पंपाचा आवाज स्वेटरखाली दाबत. तिनं न वळता सांगितलं, "चालेल. सोडा." शहाणपणाचंच होतं ते. चरबीला गरम पाणीच लागतं. ऐंशी अंशांचं पाणी. बंद हौदात. वाडग्यातल्या बाटलीसारखं.

वायू हुंगणारं छोटं यंत्र घुमटाच्या शिडीपाशी खिळ्याला टांगलेलं असायचं. दहावर गेलं की ते ओरडायचं. शंभर म्हणजे एक ठिणगी पुरे. ते काढून घेऊन ती निघाली. पळाली नाही. पळणाऱ्या बाईला लोक आधी काय झालं विचारतात आणि उत्तर ऐकेपर्यंत वाट अडवतात. टँकर धुणाऱ्या बाईनं हाक मारली, "आज खिसा रिकामा? पोरीला उपास का?" तेव्हा तिला कळलं की दूध वरच राहिलं.

पाळणाघरात ऊब होती. नेहमी तिला या उबेनं बरं वाटायचं; आज ती ऊब चेहऱ्यावर ओल्या फडक्यासारखी बसली. खिडकीच्या फटी मावशींनी चिंध्यांनी बुजवल्या होत्या, वारा येऊ नये म्हणून. सात मुलं, दोन झोपलेली, आणि मध्यभागी जाळीच्या पिंजऱ्यात विजेची शेगडी, तिची तार लालबुंद. गेले सहा आठवडे ती तार रोज सकाळी आठला लाल होत होती. रोज सकाळी आठला ती स्वतः ठकीला त्या उबेजवळ नेऊन ठेवत होती.

"आलीस?" मावशी म्हणाल्या. "बघ, रडून रडून सूर लागला तुझ्या लेकीचा. बाटली कुठंय?"

"मावशी, ती मोरी कुठं आहे? हात धुवायची?"

"ती होय. त्या सतरंजीखाली. कोण वापरतंय तिला, बर्फासारखं पाणी. दोन महिने थेंब नाही टाकला. झाकून टाकली, पोरं बोटं घालतात."

थेंब नाही टाकला. म्हणजे मोरीच्या नळीच्या वाकणात जे पाणी राहून पलीकडची हवा अडवतं तेही केव्हाच सुकलं असणार. आणि मोरीची नळी जात होती शेजारच्या हौदात, कारण जुन्या गोडाऊनला दुसरी वाटच नव्हती. तिनं सतरंजी उचलली, गुडघ्यांवर बसून यंत्र भोकापाशी धरलं. शून्य. शून्य. डोक्यातला शहाणा माणूस घसा खाकरून बोलणार तेवढ्यात आकडा चार झाला. मग सात. मग यंत्र ओरडायला लागलं आणि झोपलेल्यांतलं एक पोर उठून बसलं. चौदा. बावीस. तिच्या मनात त्या क्षणी आली ती भीती नव्हती, आणि हे ती पुढं कुणाला कधी सांगणार नव्हती. आलं ते जवळजवळ सुख होतं. मी वेडी नाही.

"काय गं ते कोकलतंय?" मावशींनी विचारलं.

"मावशी, मुलं उचला. सगळी. बाहेर, वरच्या फाटकापर्यंत. कपडे, टोप्या काही शोधू नका. आणि शेगडीला हात लावू नका, बटणालाही नाही."

"अगं बाहेर गारठा केवढा आहे. आया माझा जीव घेतील."

"मी सांगते त्यांना. उचला."

मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेली बाई. किती प्रकारच्या आया त्यांनी पाहिल्या असतील, किती खोट्या हाका. त्यांनी पदर खोचला. एक पोर काखेत, एक कडेवर, दोघांना बोटांना, आणि दारातून बाहेर. तिनं ठकीला आणि उरलेल्या दोघांना कवटाळलं. बाहेर भिंतीवरच्या खोक्यातला मोठा खटका तिनं कोपरानं पाडला. आत तार लालची तपकिरी झाली, मग काळी. दार तिनं सताड उघडं टाकलं, दगड लावून.

आणि तेव्हा तिला हौदाच्या बाजूनं वाफ दिसली. झाकणाच्या रबरातून, बारीक, शिलाईतून दोरा निघावा तशी. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. थर्मामीटर नळीपाशी उकिडवा बसून करंगळी पुढं करून होता.

"दोन म्हणाला होतात," ती लांबूनच म्हणाली. आवाज आपलाच आहे का असं वाटण्याइतका तो शांत होता.

"ताई, दोनपर्यंत निवलं असतं ना. आत्ता फक्कड आहे, अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटं झाली सोडून."

"बंद करा. तुमच्या खिशात लायटर आहे तो काढून तिकडं लांब ठेवून या. मग झाकणं उचलायची."

"झाकणं? सगळा मोहल्ला नाक धरून उठेल."

"उठू दे."

त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. ठकीसकट तिघांना फाटकापाशी मावशींकडे पोचवून ती परत आली. दोघांनी मिळून पहिलं झाकण कडेनं सरकवलं, मग दुसरं, मग सगळी, आणि मग तो आला, तो जुना वास, दोन वर्षांचा कोंडलेला, अंडी, गटार, कुजलेलं दही, माणसाच्या अंगावर चालून येणारा. थर्मामीटरनं तोंड फिरवलं आणि खोकत बसला. तिनं हातभर लांबून यंत्र हौदावर धरलं. त्र्याऐंशी. वारा आला, साठ. मग एक्कावन्न. तिला वाटलं होतं ती रडेल. तिनं फक्त आकडे मोठ्यानं म्हटले, जसे ती रोज म्हणायची.

साहेब आले तेव्हा फाटकापाशी आया जमल्या होत्या, पांढऱ्या टोप्या घातलेल्या, पॅकिंगवरून तशाच धावत आलेल्या. कुणी मुलांना ॲप्रनमध्ये गुंडाळत होती. एक जण मावशींशी भांडत होती, आणि मावशी म्हणत होत्या, "ओरड बाई, ओरड. ओरडायला आहेस ते बरं आहे." साहेबांनी रुमाल नाकाला लावला. त्यांनी यंत्राचा आकडा दोनदा पाहिला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला.

"पण काही झालं नाही ना," ते म्हणाले. "देवाची कृपा. वेळेत लक्षात आलं तुमच्या."

सहा आठवडे. रोज आठ ते पाच. ती वेळेत हा शब्द मनात उलटासुलटा करत राहिली आणि तो कुठल्याच बाजूनं बसेना. काही झालं नाही, ते का झालं नाही? मोरीवर सतरंजी होती म्हणून? मावशींनी एखाद्या सकाळी ती धुवायला काढली असती तर? आजवर झालेल्या प्रत्येक दिवसाच्या खाली आता एक न झालेला दिवस उघडत चालला होता.

"मुलांना वरच्या कॅन्टीनमध्ये बसवू," साहेब म्हणत होते. "हौद उघडाच ठेवा. वासाचं मी बघतो. टाकी तापवायची का, ते उद्या बसून ठरवू. ठीक?"

"हौदातून पाणी पुढं कुठं जातं?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं. तिला ते मोठ्यानं ऐकायचं होतं.

"रस्त्याखालच्या पाइपात. नगरपालिकेच्या."

"बंद पाइप."

"बंदच असणार. अहो, ते आपल्या हद्दीत नाही. मी फोन करतो त्यांना, उद्यापरवा कुणीतरी येईल."

"दहा मिनिटं गरम पाणी पडलंय आत. तेवढा वेळ पंप चालू होता का हो?" हे तिनं थर्मामीटरला विचारलं.

"चालू म्हणजे, त्याच्यासाठीच तर," तो म्हणाला. "मोकळा झाला की. सणसणीत उचलत होता." आणि मग त्यानं मान वळवून फाटकाबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

फाटकातून रस्ता सरळ खाली जात होता. मधोमध लोखंडी झाकणं, एकामागून एक, प्रत्येकाला दोन भोकं. दुपारची वेळ, शाळा सुटायची होती. पहिल्या झाकणावरून सायकली जात होत्या. दुसऱ्यावर कुणाचं कुत्रं पसरलं होतं, पोट खाली लावून. थंडीत जनावर उबेची जागा बरोबर शोधतं. आणि तिसऱ्याच्या कडेला शेंगा भाजणारी बाई बसली होती, पाटीत वाळू, खाली निखारे.

"मॅडम, गेटाबाहेर तुम्ही काही करू नका," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "बोभाटा होईल."

"गेटानं त्या पाण्यातून काही काढून घेतलं का, साहेब?"

तिनं ठकीला मावशींकडून घेतलं होतं ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. पोरगी तिच्या खांद्याला नाक घासत होती, भुकेली, उघड्या डोक्याची, थंडीनं गाल लाल. तिच्या टाळूला हौदाचा वास येत होता. मघाची घाई सोडली तर सात महिन्यांत एक दिवस असा गेला नव्हता की पोर रडताना तिनं आपणहून कुणाच्या हातात दिलं. आत्ता तिनं दिलं, मावशींच्या हातात. ठकीनं स्वेटर घट्ट धरला होता, एकेक बोट सोडवावं लागलं, आणि शेवटचं बोट सुटलं तेव्हा पोरीनं जी किंकाळी फोडली तिच्याबरोबर आईचा स्वेटर पुढून भिजला, दोन्ही बाजूंनी, ऊन, मग लगेच गार.

"वर दुधाची बाटली आहे," ती मावशींना म्हणाली. "फ्रिजमध्ये, उजवीकडची. उघडून आधी चव बघा."

थर्मामीटर पहारीला ओलं पोतं गुंडाळत होता, ठिणगी पडू नये म्हणून. तिनं त्याला सांगितलं नव्हतं. ती पुढं झाली. पहिलं झाकण तिनं ओलांडलं. दुसऱ्यावरच्या कुत्र्याला पायानं ढोसून उठवलं, ते नाराजीनं दोन पावलं सरकलं आणि पुन्हा तिथंच येऊन निजलं. मागून ठकीचं रडणं येत होतं, चढत, दम घेत, पुन्हा चढत. ती तिसऱ्या झाकणाशी वाकली आणि हात लांब करून यंत्र भोकावर धरलं. शेंगावालीनं तिचा भिजलेला स्वेटर पाहिला, मग चेहरा पाहिला, आणि ओळख नसताना मायेनं हसली.

"किती देऊ गं?" तिनं विचारलं. "बस जरा, फुलवते. ताज्या भाजून देते."

यंत्र ओरडायला लागलं. बाईनं वारा घालायला पुठ्ठा उचलला होता. तिनं बाईचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.